गाठ कुठे थांबते

हॅलिफॅक्स. गुरुवार, संध्याकाळचा वर्ग.
विद्यार्थिनी एकच : डोरीन ऍकरॉइड,
वय एकाहत्तर, गालिच्यांच्या गिरणीतून निवृत्त.
प्रश्न घरूनच घेऊन आली होती :
मुलगा कार्लाइलला, मुलगी लिंकनला,
नवरा इथंच, टेकडीवरच्या दफनभूमीत.
घर कुठं घ्यावं, म्हणजे तिघांकडे जायची वाट
सगळी मिळून कमीत कमी भरेल?

मी फळ्यावर त्रिकोण काढला,
बाजूंवर समभुज त्रिकोण चढवले,
एकशेवीस अंशांचं सांगू लागले.
ती म्हणाली, हाताला कळेल असं काहीतरी दाखव.

पुढच्या गुरुवारी तिनंच आणली प्लायवूडची फळी.
वर नकाशा चिकटवलेला, तीन शहरांना तीन भोकं,
तीन दोऱ्या वर एका गाठीत,
खाली लोंबणारे नवऱ्याच्या डब्यातले पितळी नट,
प्रत्येकीला चार.
घर्षण असतं, म्हणून फळीला टिचकी मारली.
गाठ थरथरली
आणि हॅलिफॅक्सच्या भोकात जाऊन बसली.

इथला कोन दीडशेचा, मी म्हटलं.
एकशेवीसच्या वर गेला की
मधे शोधण्यासारखं काही उरत नाही,
उत्तर त्या कोपऱ्यातच असतं.
"म्हणजे हलायचंच नाही,"
ती म्हणाली, आणि इतकी खूश झाली
की मला वाटलं, उत्तर जुनंच असावं,
प्रश्न तेवढा नवा.

केटल उकळत होती.
माझं भोक पाडायला ही फळी पुरली नसती;
मिरज कुठंतरी टेबलाखाली,
प्लगच्या वायरीपाशी.

मग तिनं कोटाच्या खिशातून आणखी नट काढले.
"लिंकनला नात झालीय. ऑगस्टात."
दोन अडकवले. टिचकी. गाठ ढिम्म.
तिसरा. गाठीनं काठावरून जरा डोकं वर काढलं.
चौथा,
आणि निघालीच ती, डॉनकास्टरला घासून,
कुठंही न रेंगाळता, थेट लिंकन.

डोरीन बघत राहिली.
चहा गार झाला, दोघींचाही.
मग माझ्याकडे न बघता
तिनं चौथा नट काढून खिशात टाकला.

गाठ लिंकनलाच.
टिचकी मारायची राहिली,
आणि मी आठवण केली नाही.