बोळा

हर्णैच्या दवाखान्यातून निघाले
तेव्हा दाढेच्या जागी कापसाचा बोळा, आणि ताकीद:
तासभर दात घट्ट. थुंकायचं नाही.
चूळ उद्या, मिठाच्या कोमट पाण्याने.

बंदरावर लिलाव सुरू झालेला.
सुरमईच्या वाट्यावर रझिया बोली चढवते,
मी नुसती बोटं दाखवते,
बावीस वर्षांत पहिल्यांदा मुकी.
लाळ गिळते. लोखंडाची चव.

पलीकडे धाकू मिस्त्री
होडीच्या फटीत कापूस ठोकतोय.
"भरलास ना? आता उचकटून बघू नको," पोराला सांगतो,
"पाण्यात लाकूड फुगतं, आपसूक धरतं."

माझी जीभ तरी
सारखी त्या खळग्याकडे.

सुरमई रझियाला गेली, दोनशेने स्वस्त.
"रोज काढ गं एक दाढ," ती म्हणते.
हसू फुटायला नको म्हणून
मी समुद्राकडे बघते.