सावर्ड्याचा वजनकाटा

सावर्ड्याच्या काट्यावर मी अकरा वर्षं बसलो.
भरल्या ट्रकचा आकडा, मग रिकाम्याचा,
मधली वजाबाकी माझी. एवढंच काम.
पण वजाबाकी करणाऱ्याला बरंच कळतं.

तेव्हा बँकेचा माणूस चहाच्या गाड्यावर बसून
कर्जाचे कागद वाटायचा, लग्नपत्रिका वाटाव्यात तसे.
व्याज स्वस्त, वर सरकारची सूट.
उल्हास फळदेसायने दोन ट्रक घेतले,
देवळाच्या भटजींनी एक,
हेडमास्तरांनी एक, बायकोच्या नावावर.
डोंगर तेवढाच होता.
लाल धुळीत ते कुणाला दिसलं नाही.
पैसा स्वस्त झाला की डोंगर मोठा दिसतो.

मग एका सोमवारी काटा हललाच नाही.

मंदी आली म्हणाले,
जणू पणजीहून सकाळच्या बसने उतरली.
मी तिला आधीच पाहिली होती,
त्याच चहाच्या गाड्यावर.
सहीसाठी पेन तिनेच पुढे केलं होतं.

मागोमाग मदत आली.
ट्रक दारात उभा असेल तर महिन्याला इतके,
विकला तर काही नाही.
म्हणून ट्रक उभे राहिले.
चाकांतून वेल वर चढले,
फळदेसायच्या केबिनमध्ये मांजर व्यायली.
मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ;
खपली धरत आली की कुणीतरी पट्टी सोडून
नवी बांधायचं.

कायतान बार्रेतने तेवढा विकला, पहिल्याच आठवड्यात,
निम्म्याहून कमी भावात. ताव्हेर्नात लोक हसले.
आता केप्याला त्याची भट्टी आहे, पाव करतो.
त्या पावालाही सरकारने भाव बांधून दिलाय.
"भाव तोच आहे, पात्रांव," म्हणतो,
आणि पाव माझ्या हातावर ठेवतो.
चारी बाजूंनी माझा तळहात दिसत राहतो.

शहाणपण सांगायला मीही मोकळा नाही.
मदतीच्या अर्जावर माझी सही आहे.
धाकटीची फी त्यातून गेली, ती नर्स झाली.
हे कुठल्या रकान्यात मांडू,
अजून ठरत नाही.

एवढंच ठाऊक आहे:
तराजूवर अंगठा ठेवला,
अगदी मायेने ठेवला, तरी
वजनात अंगठा येतोच.

परवा वेळिपांची शेळी काट्यावर चढली.
वीज होती. खिडकीत लाल आकडे उजळले:
वीस किलो.
थोडा वेळ उभी राहिली, इकडेतिकडे पाहिलं,
उतरली.
शून्य.