उसवण

कांतामांतोच्या बाजारात गुरुवारी पहाटे
गठ्ठ्याची पट्टी तुटते, तो आवाज
अर्ध्या अक्राला ऐकू जातो, असं झिफा म्हणते.
पंचावन्न किलो. उधारीवर, न पाहता घेतलेले.
आत निघेल ते नशीब.

या खेपेला निघाली
एकोणीस जॅकेटं,
कुठल्याशा शाळेचे खेळाचे टी-शर्ट,
ज्यांवर नंबर आहेत आणि मुलं नाहीत,
एका खिशात वाळलेलं चेस्टनट,
बाकी नुसता ओलसर वास.

मी शिवण शिकायला आले होते.
सहा महिने तिनं सुईच दिली नाही.
ब्लेड दिलं. "आधी उसव.
फाडायला कुणालाही येतं.
टाका असा काढ
की कापडाला कळूही नये."

उसवत गेले. बाह्या सुट्या झाल्या
तरी कोपरात वाकलेल्याच राहिल्या,
जणू अजून टेबलावर टेकून
कुठल्या थंड गावात बिलं मोजतायत.

दोन माणसं मावतील अशा पँटीतून
झिफा दोन पोरांच्या चड्ड्या काढते,
उरल्याची पिशवी,
पिशवीतून उरल्याची सुया खोचायची गादी.
तरी उरतंच.
ते कोर्लेच्या खाडीकडे जातं,
आणि तिचा भाऊ कोमी जाळं ओढतो
तेव्हा मासळीआधी बाही वर येते.
"समुद्र हात दाखवतोय," तो म्हणतो,
आणि हसत नाही.

परवा एका राखाडी जॅकेटच्या बगलेखाली
मला निळा दोरा सापडला.
मशीनचा नव्हे. हाताचा धावदोरा,
वाकडातिकडा, चार बोटं लांब,
शेवटी दोनदा गाठ, भरवसा नसलेल्या हाताची.
टाकून द्यायच्या आधी
तिकडे कुणीतरी हे जपलं होतं.

मी ब्लेड लावलं. झिफानं मनगट धरलं.
चष्मा कपाळावर नेला, बराच वेळ पाहत राहिली.
मग कापड उलटं केलं,
त्या चार बोटांना वळसा घालून कात्री फिरवली,
बाह्या छाटल्या,
पाठीत आमच्या निळीत बुडवलेली कळी घातली.
आतला दोरा आता बाहेर होता,
दिसेल असा.

गिऱ्हाईक म्हणालं, "हे काय, इथे चूक राहिली."
झिफा म्हणाली,
"तिचे पाच सेडी जास्त."