टाच

कुताइसीत पहाटेचे चार.
काचेपलीकडे रिओनी नदी, तिचा आवाज अलीकडे.
तिसऱ्या पेटीतली मुलगी अठ्ठावीस आठवड्यांची,
अजून बिननावाची, नऊशे ऐंशी ग्रॅम.
तिचा बाप मनात हिशेब करतो: अडीच पावांएवढी.

मला तिच्या टाचेतून तीन थेंब हवेत.
टाच कसली, सोललेला वाटाणा.
सुई लावते, आणि
डावा पाय जातो पोटाशी,
उजवाही जातो, त्याला कुणी टोचलेलं नसताना,
मग हात, हनुवटी, पाठ.
एका खिडकीवर खडा पडला
आणि सगळी गल्ली दिवे लावून बाहेर आली.
रडणं शेवटी येतं.
लांबून, चालत.

दुखलं का तिला, ओतार विचारतो.
भुवयांत पीठ. तीन वेळा धुतलेले हात
छातीशी धरून उभा, दुसऱ्या कुणाचे सांभाळायला दिल्यासारखे.

काय सांगू?
खबर टाचेतून निघते, पाठीच्या दोरीशी पोचते,
तिथेच निकाल लागतो, तिथूनच हुकूम सुटतो: ओढ.
मेंदूला नक्कल मागाहून मिळते,
सरकारी कागदासारखी.
तुझंमाझंही असंच, ओतार.
गरम भांड्याला लागलेलं बोट परत आलेलं असतं
आणि मग कुठे तोंडात आई येते.

पण आपला पाय काचेवर पडला
तर तो उचलतो, आणि दुसरा
न सांगता ताठ होतो, सगळा भार घेतो.
हिच्यात ती वाटणी अजून व्हायचीय.
कुणी पळायचं, कुणी उभं राहायचं.

ते म्हणे झोपेत ठरतं.
(उंदरांच्या पिल्लांत बघितलंय, माणसांचं कोण जाणे.)
पण ही झोपली की मी बघत बसते:
अंगठा उडतो, गुडघा उडतो, करंगळी.
नव्या घरात अंधारात कुणी
एकेक बटण दाबून बघावं,
कुठल्या बटणाने कुठला दिवा.

आणि हे मी त्याला सांगत नाही:
काल दिवसभरात आम्ही सहा वेळा टोचलं.
संध्याकाळी मी नुसता कापूस लावला
तरी तिने पाय ओढला.

त्याऐवजी त्याच्या भट्टीचं विचारते.
जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी ती भट्टी,
तो कमरेत वाकून आत उतरतो,
धगधगत्या भिंतीवर कणीक थापतो.
कोपरापर्यंत हातावर एक केस नाही.
ओढून घ्यावासा वाटत नाही हात?
वाटतो ना. रोज वाटतो.
पहिल्या वर्षी घ्यायचो.
मागे घेतला की पाव राखेत पडतो.

तेच, मी म्हणते. तेच हिला शिकायचंय.
वरून खाली येणारे रस्ते
सगळ्यांत शेवटी बांधून होतात,
त्या रस्त्याने एक दिवस निरोप येईल:
थांब जरा, हा कापूस आहे.
थांब, हे पाणी. थांब,
हा तुझा बाप.

कुरवाळू नकोस. बोट फिरवलंस तर पळेल.
पुरता तळहात ठेव, जड, आणि हलू नकोस.

तो पेटीच्या गोल दारातून हात घालतो.
ती आक्रसते, सगळीच्या सगळी,
आणि तोही
झटकन हात बाहेर काढतो,
वीस वर्षं आगीत हात घालणारा माणूस.
माझ्याकडे बघतो, चोरी पकडल्यासारखा.
मी नळाकडे बोट दाखवते. परत धू.

दुसऱ्या वेळी पाय पोटाशी गेले.
हात राहिला.
किती वेळ, मी घड्याळ पाहिलं नाही,
बाजूच्या पेटीचा गजर वाजत होता.
परत आले तेव्हा तो तसाच वाकलेला,
कपाळावर घाम, श्वास धरलेला,
आणि तिचा डावा पाय
किंचित लांब झालेला. झोपेत असेल.

साडेपाचला तो गेला, पावांची वेळ झाली होती.
सहाला मला उजवी टाच लागेल.
आधी मुठीत धरून गरम करीन.