तिसरा ढीग

ब्लू अर्थ काउंटी असं नाव, माती मात्र काळीच,
आणि आज तीही दिसत नाही, रात्रभर बर्फ पडलाय.
मॅन्काटोच्या कोर्टाच्या तळघरात आठ टेबलं,
प्रत्येक टेबलाशी आम्ही दोघं-दोघं.
पेनं बाहेरच काढून घेतली.
शाईचा एक ठिपका चुकून मत होऊ शकतो.

अख्ख्या राज्यात फरक दोनशे बारा मतांचा.
गव्हर्नर पहिल्याच रात्री ठरला, त्याचे फुगेही एव्हाना फुटले.
अडलंय ते अ‍ॅटर्नी जनरलचं पद,
ज्याचं काम काय, हे मला
नागरिकत्वाच्या परीक्षेतही कुणी विचारलं नव्हतं.
आर्डिस क्वामला विचारलं.
"आपल्याला कुणी फसवलं, तर राज्याच्या वतीनं भांडणारा वकील."
थोडं थांबून म्हणाली, "निदान कागदोपत्री."

निवडणूक.
आमच्या घरी निवडणं म्हणजे तूरडाळ.
परातीत पसरायची, खडा इकडे, किडका दाणा तिकडे.
रेडिओवर कुणाचं सरकार पडत असलं
तरी आईची नजर परातीवर.

इथंही तेच. एक ढीग लिंडग्रेनचा, एक ब्रूमरचा,
तिसरा ना ह्याचा ना त्याचा.
लंबगोल पुरता काळा केला असेल तर वाद नाही.
पण माणसं कुठे सांगितलेलं ऐकतात?
कुणी फुली मारतं, कुणी बरोबरची खूण,
कुणी नावाभोवती कडं काढतं,
कॅलेंडरवर सिलिंडर आल्याच्या तारखेला काढतात तसं.
एकानं दोन्ही गोल भरलेत आणि खाली लिहिलंय, सॉरी.
एकानं कुत्र्याला मत दिलंय, आडनावासकट.
दोन्ही बाजूंचे निरीक्षक आमच्या खांद्यांवरून वाकतात,
त्यांच्या श्वासाला शिळ्या कॉफीचा वास.
कायदा म्हणतो: मतदाराचा हेतू शोधा.

तीनच्या सुमाराला ती मतपत्रिका हातात आली.
वरपासून खालपर्यंत सगळं नेटकं भरलेलं,
न्यायाधीश, शाळा मंडळ, अगदी माती-पाणी संवर्धनवालासुद्धा.
फक्त अ‍ॅटर्नी जनरलसमोर दोन्ही गोल पांढरे.
खालच्या रेघेवर, जिथं आपल्या मनातलं नाव लिहायचं असतं,
तिथं तिरक्या, जोडून काढलेल्या अक्षरांत:
चार वेळा फोन केला. छप्पर अजून गळतंय.

मी मोठ्यानं वाचणार, तेवढ्यात
आर्डिसनं त्या रेघेवर तळहात ठेवला.
एकतीस वर्षं ह्याच गावात
तिसरीच्या मुलांचं अक्षर वळवलेली बाई.
तिची मान लाल झाली होती.
"कोरी," ती म्हणाली.
ब्रूमरचा पोरगा घड्याळ बघत होता.
लिंडग्रेनच्या मुलीनं टिपून घेतलं: कोरी, एक.
हेतू इतका स्वच्छ लिहिलेली मतपत्रिका
दिवसभरात दुसरी पाहिली नव्हती आम्ही.
ती तिसऱ्या ढिगात गेली, कुत्र्याच्या खाली.

संध्याकाळी आमच्या काउंटीनं फरक तीननं हलवला.
दोनशे नऊ.
टीव्हीवाला एकटाच आला होता, तोही टोपी विसरून.

पार्किंगमध्ये गाडीची काच खरवडत होते.
शेजारच्या गाडीपाशी आर्डिस, तिचीही खरखर चालू.
माझ्याकडे न बघताच म्हणाली,
"एप्रिलमध्ये बर्फ गेला की चर्चमधले पाच-सहाजण
शिड्या घेऊन जाऊ म्हणतोय.
शिंगल्स माझा भाऊ देईल, त्याच्याकडे पडून आहेत.
तू काही छपरावर चढायची नाहीस, दिसतंय मला.
पण खिळे द्यायला खाली कुणीतरी लागतंच."

कुणाच्या घरी, मी विचारलं नाही.
गुप्त मतदान आहे.
किती वाजता, एवढंच विचारलं.