भु-सतरा

वराडे मॅडम म्हणतात, डास म्हणू नका, मादी म्हणा.
नर बिचारा साखरपाण्यावर जगतो.
पंधरा वर्षं मी भुसावळच्या ड्रमांतून अळ्या गाळल्या,
चहाच्या गाळणीनं, पांढऱ्या वाटीत,
आणि आता जळगावात, एमआयडीसीमागच्या दोन खोल्यांत
त्यांच्याच नाती-पणत्यांना जेवू घालतो.

जेवण म्हणजे कोंबडीचं कातडं ताणलेली काचेची वाटी,
भोवती सदतीस अंशाचं पाणी फिरतं,
आत रक्त, रक्तात विषाणू.
कुप्या दोन.
जुनी पारोळ्याच्या कुणा बाईची, अठरा वर्षं उणे ऐंशीत.
नवी भु-सतरा.
दोन्हींत फरक तीन अक्षरांचा,
बारा हजार अक्षरांच्या पोथीत तीन.
दिनचा दीन व्हायला एवढंही लागत नाही.

मग दहा दिवस थांबायचं.
बाहेर सेहेचाळीस, आत अठ्ठावीस.
बाहेर माणसं डोक्यावर ओला टॉवेल घेऊन फिरतात,
आत माद्या भिजवलेले मनुके चोखतात.
ताप त्यांना येत नाही.
सांधे दुखायला सहा पाय आहेत, पण दुखत नाहीत.

अकराव्या दिवशी बर्फ.
पाय वेगळे, धड वेगळं,
सोंड काचेच्या नळीत, तेलाच्या थेंबात.
पाऊण तासात ती जी लाळ सोडते
ती डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.
पोटात शिरणं सोपं असतं.
पोटातून पायांपर्यंत पोचणं अवघड,
आणि लाळेपर्यंत पोचला तोच पुढच्या दंडावर जातो.
बाकीचे आतच अडकून राहतात,
यार्डात सिग्नल न मिळालेल्या मालगाडीसारखे.

वही माझ्याकडं असते, अक्षर बरं आहे म्हणून.
पारोळ्याची बाई, माद्या चाळीस:
पोटात एकतीस. पायांत बारा. लाळेत तीन.
भु-सतरा, माद्या चाळीस:
पोटात एकोणचाळीस. पायांत छत्तीस –
इथं मॅडम खुर्चीतून उठल्या.
लाळेत एकतीस.
मी तो आकडा दोनदा गिरवला.

मॅडमना अजून सांगितलेलं नाही,
भु म्हणजे भुसावळ, आणि सतरा म्हणजे मी.
त्या वर्षी ड्रम तपासता तपासताच ताप भरला.
रक्त घेणारा पोरगा म्हणाला, संशोधनाला चालेल ना काका?
सही डाव्या हातानं केली,
उजवीची बोटं मिटत नव्हती.
जिना उतरताना गुडघा अजून हाक मारतो.

चाळीसपैकी एकतीस.
शाळेत कधी पंचेचाळीस टक्क्यांवर गेलो नाही,
आणि इथं विशेष प्रावीण्य.
हसू आलं. मग पारोळ्याची बाई आठवली,
जिला मी पाहिलेलंही नाही.
तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही,
तीन माद्यांच्या लाळेत तेवढी उरलीय.

अमळनेरच्या माद्यांना मात्र भु-सतरा मानवत नाही.
लाळेत नऊच.
ऊन तेच, ड्रमही तेच निळे.
का, ते मॅडमनाही माहीत नाही,
आणि माहीत नाही असं त्या सरळ सांगतात,
म्हणून मी तिथं टिकलोय.

रविवारी घरी. आमच्या गल्लीत पाणी बाराव्या दिवशी.
या उन्हात अंड्याचा डास व्हायला नऊ दिवस पुरतात.
मधले तीन दिवस कुणाचे, ते पालिकेला विचारा.
शेजारच्या केसरबाई मूळच्या अमळनेरच्या.
मी त्यांच्या ड्रमाला हात लावला की आतून आवाज येतो,
'फेकू नको भाऊ, पानी सुक्करवारले येवाव शे.'
फेकत नाही. खिशातून गाळणी काढतो.
अळ्या उलट्या लटकून श्वास घेतात,
सावली पडली की वळवळत तळाला जातात, पुन्हा वर येतात.
'कितल्या शेत?' त्या विचारतात.
अकरा, मी सांगतो.
मनातल्या मनात सहा माद्या धरतो,
आणि ड्रमाच्या तोंडावर त्यांचं जुनं लुगडं
दोन वेढे देऊन घट्ट बांधतो.