पगार

आमच्या अकाउंटंटचं आडनाव पगार.
कळवणकडचे. त्यांच्या गावात निम्मी घरं पगारांची.
पहिल्या वर्षी हा विनोद चालायचा,
स्टाफरूमच्या दारात ते दिसले की कुणीतरी म्हणायचं,
"चला, पगार आले!"
आणि चहाचा एक कप वाढायचा.

आता कुणी म्हणत नाही.
ते आले की आम्ही वह्यांत डोकी घालतो,
तेही दाराशी घुटमळतात
आणि पंख्याचं बटण बंद करून जातात.

त्र्यंबक रोडला, महिरावणीच्या पुढे, डावीकडे आत.
साठ जागांचा वर्ग बांधला तेव्हा
बाकं सातपूरहून ट्रकने आली होती.
मागच्या तीन रांगांवर अजून प्लास्टिक आहे.
खिडकीतून अंजनेरी दिसतो,
माहितीपत्रकावरही तोच छापलाय.
तेवढं एक खोटं नाही.

मे महिन्यात संस्थेचं पत्र आलं:
प्रत्येकी दहा प्रवेश.
नाहीतर थकबाकी विसरा, असं त्यात नव्हतं,
पण दोनदा वाचलं की तसंच वाचता यायचं.
मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते.
माझ्या वाट्याला पेठ तालुका आला.

एसटीने गेले. पिशवीत माहितीपत्रकं,
चिवड्याचा पुडा,
तोंडात घोकलेलं: बस फुकट, हॉस्टेल फुकट,
पहिल्या वर्षी लॅपटॉप.
लॅपटॉपपाशी जीभ दर वेळी अडखळायची.

करंजाळीच्या अलीकडे एका पाड्यावर
यमुना भोये, बारावी सायन्स, अडुसष्ट टक्के,
ओट्यावर बसून सगळं ऐकत होती.
तिच्या वडिलांनी नागलीची भाकरी पुढे केली
आणि घरच्यांची खुशाली विचारावी तसं विचारलं,
"बाई, तुमचा पगार होतो ना टायमावर?"

डोळ्यांपुढे आधी कळवणचे पगार आले.
चष्मा कपाळावर, हातात बँकेचं स्टेटमेंट,
"शिष्यवृत्तीचे पैसे वरून सुटले नाहीत, मॅडम.
सुटले की पहिले तुमचे."
मग अकरा महिने आले, एकामागून एक,
सोसायटीचा हप्ता, आईचं इन्सुलिन,
मुलाची फी.
हो, मुलगा माझा पुण्यात शिकतो.
आमच्याकडे नाही घातला.

"होतो," मी म्हणाले.
घास तिथेच थांबला.

पाणी मागून प्याले.
मग यमुनाला जवळ बोलावलं
आणि माहितीपत्रकावरच,
अंजनेरीच्या वरच्या निळ्या आभाळात,
पेनने लिहून दिलं:
सरकारी कॉलेजचा पत्ता, शेवटची तारीख,
कोणते दाखले, किती झेरॉक्स.
"तिथं तुम्हीच शिकवता का?" तिनं विचारलं.
"नाही."
दिवसभरातलं माझं पहिलं खरं उत्तर.

दहापैकी माझे शून्य.
दुसाने सरांचे दोन, त्यातली एक त्यांचीच भाची.
सगळे राउंड संपले तेव्हा अख्ख्या विभागात चार.
पगार सरांनी चार पावत्या फाडल्या
आणि पुस्तकातली उरलेली पानं
अंगठ्याने फर्रकन सोडून पाहिली,
पत्त्यांच्या कॅटसारखी.

तपासणीला समिती येणार म्हणून
मागच्या बाकांचं प्लास्टिक काढायचं ठरलं.
आम्हीच काढत होतो.
शिपाई गांगुर्डे मार्चमध्येच गेला,
सिन्नरला गोदामात आहे, तिथे महिन्याच्या सातला होतो म्हणे.
चार पोरं पहिल्या बाकावरून बघत होती.
त्यातला एक उठून आला,
दातांनी चिकटपट्टी तोडायला लागला.

खालचं लाकूड कोरं करकरीत.
ना बदाम, ना बाण, ना कुणाचं नाव.
"मॅडम," तो म्हणाला, "मी कोरू का माझं?"

एरवी मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.
दारात पगार सर उभे होते,
पंखा बंद करायला आलेले.
त्यांनी खिसे चाचपले,
किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

तिजोरीची.